चार भोकं आणि एक झारी

गाडी घ्यावी तर माझ्यासारखी, अभ्यास करून! लोक शोरूममध्ये जातात, रंग बघतात, सीटवर बसून एकदा हॉर्न वाजवतात आणि सही करून मोकळे होतात. मी सात महिने अभ्यास केला. सगळ्या कंपन्यांची माहितीपत्रकं आणली, त्यांचे तक्ते केले, तक्त्यांवर तीन रंगांच्या पेनांनी खुणा केल्या. ऑफिसात कुणालाही गाडी घ्यायची असली की तो आधी माझ्या टेबलाशी यायचा. आता येत नाही. का ते पुढे कळेलच.

शेवटी मी छोट्या चणीची एसयूव्ही घेतली आणि तिच्यात मिळतील तेवढ्या जादा सोयी भरून घेतल्या. काचेवर थेंब पडला की आपोआप फिरणारे वायपर. दारांच्या आतल्या बाजूला निळसर उजेड. नुसता ठेवला की फोन चार्ज. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे सनरूफ! बायकोची मागणी मात्र एकच होती, गाडीत चढायला बाजूला पायरी.

"बाबांचे गुडघे दुखतात," ती म्हणाली. "एवढ्या उंच गाडीत ते चढणार कसे?"

"पायरी कधीही बसवता येते. सनरूफ मागून बसत नाही." माझ्या तक्त्यात तसं लिहिलेलंच होतं.

"पण सनरूफचं करायचं काय?"

"आकाश दिसतं."

"ते गाडीतून उतरलं की पण दिसतं."

अभ्यास नसलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून मी सनरूफ घेतलं.

बाबा म्हणजे माझे सासरे. चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात, आणि तीही एकाच कामात काढलेली. जमिनीखालच्या पाइपांची गळती शोधायची. लोखंडी सळई रस्त्याला टेकवायची, वरचं टोक कानाला लावायचं आणि पाणी कुठं निसटतंय ते ऐकायचं. खात्यात सगळे त्यांना 'कानसाहेब' म्हणायचे. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहत होते. एकदा स्वयंपाक करायचे आणि तोच दोन दिवस खायचे. बायकोनं हट्टानं त्यांना महिनाभरासाठी आमच्याकडे आणलं होतं. पण आयुष्यभर कामात राहिलेला माणूस नुसता बसून किती दिवस काढणार? आमच्या घरातला एकही नळ गळत नव्हता, हे त्यांचं खरं दुःख होतं. महिना संपत आला तसं त्यांनी जाहीर केलं, "रविवारी निघतो. मुलीच्या घरी पाहुण्यानं किती राहायचं? आणि माझं इथं काही काम नाही."

बायकोचं तोंड एवढंसं झालं. मला बाल्कनीत गाठून म्हणाली, "तू काहीतरी कर. त्यांना कशात तरी गुंतव."

"मी काय करू? नळ तोडू?"

"तुझ्याकडून तेवढं तरी नीट होईल का?"

त्याच आठवड्यात गाडी गळायला लागली. गुरुवारी सकाळी पडलेलं पेन उचलायला वाकलो तर शेजारच्या सीटपुढची मॅट ओली. आदल्या दिवशी चांगला पाऊस झाला होता. मी रुमालानं टिपून घेतलं. शुक्रवारी रुमाल पुरेना म्हणून टॉवेल नेला. सात महिन्यांच्या अभ्यासाला पाणी सुटलंय, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो? शनिवारी गाडीशेजारी उभा राहून टॉवेल पिळत होतो, तेवढ्यात मागून शांत आवाज आला.

"जावईबापू, गळतंय."

"छे हो बाबा, टॉवेल धुतोय."

"गाडीत?"

त्यांनी वाकून मॅट दाबली, बोटांना लागलेलं पाणी चोळून पाहिलं आणि महिनाभरात पहिल्यांदाच ताठ उभे राहिले. वर जाऊन मुलीला म्हणाले, "रविवारचं रद्द कर. इथं काम निघालंय." तेव्हा बायकोच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो गाडी घरी आणली त्या दिवशीही दिसला नव्हता.

रविवारी तपास सुरू झाला. बाबांनी बॅगेतून सळई काढली. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं घड्याळ दिलं होतं ते घरी ठेवून हे गृहस्थ सळई घेऊन लेकीकडे आले होते! मला किल्ली फिरवून आत बसायला सांगितलं. स्वतः स्टुलावर चढले, सळई पुढच्या काचेला टेकवली, कान लावला आणि दुसऱ्या हातानं छतावर बाटलीतून पाणी सोडू लागले. बघता बघता सोसायटीतली माणसं जमली. तळमजल्यावरच्या बाईंनी काळजीनं विचारलं, "गाडीला बरं नाही का?"

"श्श," बाबा म्हणाले. "ऐकू येत नाही."

एवढ्यात दोन थेंब काचेवर ओघळले आणि माझी आवडती जादा सोय जागी झाली. वायपर सपकन फिरला, सळईला लागला, सळई बाबांच्या कानाला लागली आणि बाटली उघड्या खिडकीतून माझ्या मांडीत रिकामी झाली. बाबा कान चोळत खाली उतरले.

"वायपर चांगलाय," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत मात्र त्यांनी चोर पकडला. सनरूफ पूर्ण उघडून, चौकटीच्या कडेनं बोट फिरवत त्यांनी मला बोलावलं. चार कोपऱ्यांत चार भोकं होती, करंगळीचं टोक जाईल एवढी.

"हे काय?"

"भोकं दिसतायत," मी म्हणालो. माझ्या तक्त्यात भोकांचा रकाना नव्हता.

"जावईबापू, चौतीस वर्षांत मी एक भोक उघडं सोडलेलं नाही."

मलाही ते पटलं, अगदी मनापासून. मीच धावत जाऊन नळाच्या सांध्याला लावतात ती लांबी आणली आणि आम्ही दोघांनी मिळून चारही भोकं ठासून बुजवली. दुसऱ्या दिवशी चाचणी झाली. थेंब कुठून येतो ते दिसावं म्हणून बाबांनी पाण्यात कपड्यांची नीळ कालवली होती. सनरूफच्या फटीवर दोन बादल्या निळं पाणी ओतलं. आत एक थेंब नाही! आम्ही हस्तांदोलन केलं. दोन बादल्या पाणी गेलं कुठं, हा प्रश्न खात्यातल्या माणसालाही पडला नाही आणि तक्तेवाल्यालाही नाही.

त्याचं उत्तर मंगळवारी मिळालं. आमच्या मोठ्या मॅडमना महत्त्वाच्या बैठकीला जायचं होतं आणि त्यांची गाडी बंद पडली होती. मी उदारपणे म्हणालो, "माझ्या गाडीतून चला ना." त्या शेजारच्या सीटवर बसल्या. कपडे पांढरेशुभ्र. पहिल्या चौकापर्यंत मी त्यांना जादा सोयी समजावून सांगत होतो. चौकात सिग्नल लागला, मी ब्रेक दाबला, आणि छतात दबा धरून बसलेलं पाणी एकदम पुढे येऊन दिव्याच्या फटीतून मॅडमच्या डोक्यावर कोसळलं. थेंब थेंब नाही, धो धो.

मागचे हॉर्न वाजवत होते. मॅडमनी चष्मा काढला, निळे डोळे मिटले, उघडले.

"सनरूफ आहे वाटतं," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम. जादा सोय आहे."

त्यापुढे त्या माझ्याशी नऊ दिवस बोलल्या नाहीत.

मी तडक गॅरेज गाठलं. तिथल्या मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं, छत पाहिलं, मग आणखी दोघांना बोलावून त्यांनाही दाखवलं. तिघांचं हसून झाल्यावर म्हणाला, "साहेब, ही भोकं पाणी आत यायला नसतात, बाहेर जायला असतात. सनरूफच्या कडेनं थोडं पाणी येणारच. ते या चार नळ्यांमधून खाली उतरतं. तुमची एक नळी झाडाच्या पाल्यानं तुंबली होती, म्हणून जरासं गळत होतं. तुम्ही उरलेल्या तीन पण बंद केल्या."

"तुंबलेलीही बंद केली," मी खरं ते सांगितलं.

त्यानं तार घालून अर्ध्या तासात चारही नळ्या मोकळ्या केल्या. गळती संपली. मी घरी निघालो तो डोक्यात राख घालूनच. चौतीस वर्षं, म्हणे! जिन्यातच भाषण तयार केलं होतं, तीन मुद्द्यांचं.

दार उघडलं तर समोर बाबांची बॅग भरून ठेवलेली. मी रस्त्यातून बायकोला फोनवर सगळं सांगितलं होतं, ते त्यांच्या कानावर गेलं होतं. ते खुर्चीत बूट घालून बसले होते. गुडघे वाकत नाहीत म्हणून एका बुटाची नाडी तशीच लोंबत होती.

"चूक माझी," ते म्हणाले. "पाणी पाइपात कोंडून ठेवणं एवढंच मी आयुष्यभर केलं. जाऊ द्यायचं पाणी कधी पाहिलंच नाही. तुमच्या नोकरीवर बेतलं असतं. जातो मी."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. ती लोंबणारी नाडी पाहून मला फार वाईट वाटलं. भाषणाचे तिन्ही मुद्दे कुठल्या कुठे गेले.

"बाबा, अजून गळतंय," मी म्हणालो.

"मिस्त्रीनं नीट केलं ना?"

"त्याला नाही जमलं. तुम्हीच बघा आता."

बाबांनी एक बूट काढला. मग दुसरा.

दुसऱ्या दिवसापासून मी दोन नोकऱ्या करू लागलो. सकाळी सहाला बाल्कनीतली झाडांची झारी घेऊन खाली जायचं, मॅट कालचीच ओली वाटली तरी वर अर्धी झारी ओतायची आणि वर येऊन झोपल्याचं सोंग घ्यायचं. सातला बाबा वही आणि सळई घेऊन खाली उतरायचे. कधी त्यांना काचेच्या रबराचा संशय यायचा, कधी एसीच्या नळीचा. वहीत रोजची नोंद व्हायची. दोन्ही वेळ नीट जेवायला लागले, गालांवर जरा मांस आलं. गाडीला ओल्या मोज्यांचा वास यायला लागला, पण घर कसं प्रसन्न होतं.

मग ऑफिसच्या कामासाठी मला दोन दिवस परगावी जावं लागलं. गाडी घरीच होती. परत आलो तर बाबा म्हणाले, "दोन्ही दिवस गळलं. जरा जास्तच."

पाऊस नाही, मी नाही, मग ओतलं कुणी? गाडी पुन्हा मिस्त्रीकडे नेली. त्यानं तासभर पाइपानं पाणी मारलं. आत ठणठणीत कोरडं.

"साहेब, ही आता गळूच शकत नाही," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "पुन्हा काही बुजवलंत का?"

दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच खाली जाऊन मी खांबामागे उभा राहिलो. थोड्या वेळानं जिन्यात पावलं वाजली. कठडा धरून, एकेक पायरी उतरत बाबा आले. हातात झारी होती. त्यांनी दार उघडलं, वाफ्याला घालावं तसं सगळीकडे सारखं पाणी घातलं, दाराचा हँडल रुमालानं पुसला, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा एकेक पायरी चढत वर गेले.

मी खांबामागून हललो नाही. जमिनीखालचं पाणी कानानं ओळखणारा माणूस, आणि लेकीच्या घरी राहायला त्याला मॅटवर पाणी ओतावं लागत होतं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

वर आलो तेव्हा बाबा त्यांच्या खोलीत झोपल्याचं सोंग घेऊन पडले होते. बायको चहा करत होती.

"आज कुणी ओतलं, तू की बाबांनी?" तिनं मान वर न करता विचारलं.

मी खुर्चीत बसलो. "तुला माहीत होतं?"

"झारी भरून ठेवावी तर रोज दोनदा रिकामी. माझी झाडं मरायला टेकलीत."

"मग बोलली का नाहीस?"

"दोघं कामात होतात."

"त्यांना सरळ सांगू या ना, की काम असो नसो, इथंच राहा."

"दहादा सांगितलंय. नुसतं राहायला त्यांना जमत नाही."

हा पेच सुटेना. मी ओतणं बंद केलं, कारण एका गाडीला एक माणूस पुरे. आठवडाभर असंच चाललं. मग एका सकाळी बाबांनी मला खाली बोलावलं. स्टूल टाकून दारापाशी बसले होते, हातात बॅटरी.

"जावईबापू, गळती थांबली."

"कशी थांबली?"

"थांबली. मी सांगतो ना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बॅटरीचा उजेड मॅटच्या कोपऱ्यात टाकला. "पण हे बघा."

मॅट आणि गालिच्याच्या मधून एक कोंब वर आला होता. दोन पानं, पोपटी, अगदी टवटवीत.

"याला रोज पाणी लागणार," बाबा म्हणाले. "तुम्हा दोघांना वेळ नसतो. याला असं टाकून मी जाऊ कसा?"

"नकाच जाऊ बाबा."

"मूळ धरेपर्यंत थांबतो."

"किती दिवस लागतात?"

"झाडावर आहे. मोठं झाड असलं तर वर्षं लागतात."

कुंडीत लावू या का, असं अगदी ओठांवर आलं होतं, पण मी गिळलं. तेव्हापासून त्या जागी कुणी पाय ठेवायचा नाही, असा बाबांचा नियम आहे. त्यामुळे बायको मागच्या सीटवर बसते, बाबाही मागेच बसतात, आणि सगळ्या जादा सोयींनी भरलेल्या माझ्या गाडीतून आम्ही कुठंही गेलो की दारावरचा माणूस त्या दोघांना आत घेतो आणि मला सांगतो, "ड्रायव्हर लोकांनी गाडी मागे लावायची."