उंद्रीचं यंत्र

सरांबद्दल लिहायचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, आणि धामणगाव बढ्याला आमच्याकडे कुणी कुणाबद्दल लिहीत नाही, बोलतात. चुकलं तर सांभाळून घ्या.

गवई सर आम्हाला भूगर्भशास्त्र शिकवतात. भूकंपाचा धक्का जाणवला असं कुणी म्हणालं, तर भांडी पडली का, भीती वाटली का, हे ते विचारत नाहीत. विचारतात, "जमीन आंधी ढकलली का ओढली?" एकदा कॅन्टीनमध्ये दोन पोरं हातघाईवर आली. सर मध्ये जाऊन शांतपणे म्हणाले, "थांबा बे. पह्यला धक्का कोन्या बाजूनं आला?" पोरं आठवत बसली आणि भांडण राहूनच गेलं.

सरांचं म्हणणं असं, की भूकंपात काही ठिकाणी जमीन आधी ढकलली जाते, काही ठिकाणी ओढली जाते. अशा पुष्कळ नोंदी जुळवल्या, की त्या भागातल्या खडकावर कोणत्या दिशेनं दाब येतोय ते कळतं. "खडक एरवी मुका," सर म्हणतात. "हालला की मंग सांगते, मले कोन दाबून राह्यलं."

या नोंदींसाठी एका प्रकल्पानं जिल्ह्यात यंत्रं बसवली. त्यातलं एक सरांनी मागून घेऊन उंद्रीला, आपल्या सासऱ्यांच्या गोठ्यालगतच्या खोलीत ठेवलं. दर रविवारी सर ते बघायला जात. बॅटरी धरायला मी सोबत. काम चहा येईपर्यंत उरकायचं. मग सर आणि त्यांचे सासरे, आप्पा, ओसरीवर बसायचे. कपाशीबद्दल चार शब्द, मग दोघं रस्त्याकडे बघत. भिंतीवर बाईंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोटो. बाई जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती.

घोटाळा म्हशीनं केला. ती रोज पहाटे खोलीच्या भिंतीला मान घासायची, आणि यंत्रात रोज पहाटे उंद्रीला भूकंप व्हायचा.

"सर, म्हैस दुसरीकडे बांधायला सांगा ना."

"जवायानं सासऱ्याच्या म्हशीची तक्रार करावी काय बे?"

आप्पांना सरांनी सांगितलंच नाही. प्रकल्पवाल्यांना मात्र सांगत राहिले, की म्हैस वेळेची पक्की आहे, तेवढी नोंद वगळा. ते कंटाळले आणि एक दिवस यंत्र काढून घेऊन गेले.

त्यानंतरच्या रविवारी सर कॉलेजातच बसलेले दिसले. कुलूप उघडून, एकटे, दगडांचे नमुने पुसत. मी भीतभीत म्हटलं, "यंत्र नसलं म्हणून काय झालं सर, उंद्रीला जा ना."

"कायच्या निमित्तानं जाऊ? बायको नाही. बोलावनं नाही. जवाई असा उठून जात असते काय?"

असे किती रविवार गेले, मी मोजले नाहीत. "ढकललं का ओढलं?" हे आम्हाला विचारणंही सरांनी सोडलं होतं.

परवा तासाला सरांचा फोन वाजला. आप्पांना कमी ऐकू येतं, म्हणून ते ओरडून बोलतात. अख्ख्या वर्गाला ऐकू गेलं.

"जवाईबापू, काऊन येत नाही हो? त्या यंत्राच्या डब्ब्यावाल्यानं आज सांगतलं मले म्हशीचं. तुम्ही काऊन नाही बोलले? तिले बांधली आता वावरात. डब्बा येवो न येवो, तुम्ही रविवारी जेवाले या. पोरीच्या हातची चव नाही येनार, पन वांगे मी करतो."