आठवं वर्ष लागण्याबाबतचा अर्ज

मूल वाढतं, ही निसर्गाने आईबापांची केलेली सोय आहे. चित्रपट कंपनीची नव्हे.

पिल्लू सात वर्षांचा असताना पडद्यावर आला. खुर्चीवर बसून, लटकते पाय हलवत तो दूध पितो, एवढंच त्या पहिल्या चित्रपटात घडतं. पण ते बघून सगळा देश विरघळला. (देशांना विरघळायला फार लागत नाही.) कंपनीने लगेच पुढचे अकरा भाग जाहीर केले आणि करारात एक साधं कलम घातलं: कलाकाराने लेखी परवानगीशिवाय वर्षाला दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त वाढू नये.

पिल्लू पहिल्याच वर्षी सहा वाढला.

तातडीची बैठक बसली. पोराचं दूध कमी करावं, असं एका अधिकाऱ्याने सुचवलं. मानवतेच्या दृष्टीने ही सूचना मागे घेण्यात आली; शिवाय पिल्लूची आई त्या अधिकाऱ्याच्या अगदी शेजारीच बसली होती. शेवटी सेटवरच्या सुतारकाकांनी कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाले, "पोराला काही रंधा मारता येत नाही, साहेब. टेबल वाढवू."

या थोर विचारावर कंपनी पंधरा वर्षं चालली. पिल्लू जेवढा वाढे, तेवढं घर वाढे. दार दहा फुटांवर गेलं. दुधाच्या पेल्यात पाऊण लिटर मावू लागलं. दप्तर सेटवर आणायला दोन माणसं लागायची. कुत्र्याच्या पिल्लाच्या जागी मोठा कुत्रा आला, मग त्याहून मोठा, आणि नवव्या भागापासून कान रंगवलेलं एक वासरू. (प्रेक्षकांच्या पत्रांत त्याच्या भुंकण्याचं विशेष कौतुक आढळतं.) पडद्यावरचे बाबा चार वेळा बदलले. शेवटचे व्हॉलीबॉल खेळणारे, सात फुटी, त्यांनाही दीड फुटाच्या फळीवर उभं करून एकच वाक्य दिलं होतं, "झोप बघू आता." तेराव्या वर्षी पिल्लूचा आवाज फुटला, तेव्हा ते खातं सेहेचाळीस वर्षांच्या एका मावशींकडे सोपवण्यात आलं. मिसरूड दिवसातून दोनदा निघे.

अडचण काय ती घरी यायची. दहा फुटी दाराची सवय झालेला पिल्लू घरात शिरला की चौकट कपाळावर. त्याच चौकटीवर आई दर वाढदिवसाला पेन्सिलीने त्याच्या उंचीची रेघ मारत असे. कंपनीचं पत्र आलं, "घरात पुरावा निर्माण करू नये." आईने सातच्या वरच्या सगळ्या रेघा ओल्या फडक्याने पुसून टाकल्या. फार मन लावून पुसल्या, असं म्हणतात. सात वर्षांचा मुलगा तसा कुठल्या आईला जड होतो?

बाविसाव्या वर्षी एका दुपारी पिल्लू सुतारकाकांच्या शेडमध्ये गेला.

"काका, मला माझ्या मापाची एक खुर्ची करून द्या ना."

"देतो की. माप सांग."

पिल्लूला ते माहीत नव्हतं. त्याचं माप कंपनीच्या गुप्त फायलीत होतं. काकांनाही फक्त फर्निचरचे आकडे कळवले जात. काकांनी टेप काढली, डोक्यापासून टाचेपर्यंत धरली, चष्मा पुसला, परत धरली.

"पाच फूट दहा! अरे गाढवा, माझ्यापेक्षा उंच आहेस की तू!"

पिल्लू शेडमध्ये बराच वेळ नुसताच उभा राहिला. उभं राहणं त्याला आवडलं.

दुसऱ्या दिवशी त्याने तीन प्रतींत अर्ज दिला. विषय: आठवं वर्ष लागण्याबाबत. सध्याचं वय: सात (चित्रपटीय), बावीस (इतर). कारण: कंटाळा आला. (एकदम बावीसची मागणी उद्धटपणाची दिसली असती. मुलगा मुळातच वळणाचा.)

कंपनी काही निर्दयी नव्हती. तिने दहा हजार प्रेक्षकांचा कौल घेतला. नऊ हजार चारशे बारा जणांनी "नको" म्हटलं. पाचशे एक्क्याऐंशी जणांना प्रश्न ऐकूनच रडू आल्यामुळे त्यांचं मत नोंदवता आलं नाही. उरले सात. त्यांपैकी एक सुतारकाका; बाकीचे सहा जण स्वतः सात वर्षांचे होते आणि त्या वयात काय कंटाळा येतो हे त्यांना ठाऊक होतं. पिल्लूच्या आईचं मत कुठल्या आकड्यात आहे, याचा अहवालात उल्लेख नाही.

अर्ज फेटाळला गेला. बाराव्या भागाचं चित्रीकरण सुरू झालं. पहिल्याच दृश्याला पिल्लूने ती राक्षसी खुर्ची बाजूला सारली, काकांनी केलेली खुर्ची ओढली आणि बसला.

"कट!" दिग्दर्शक ओरडले. "पिल्लू बाळा, पाय लटकव."

"लटकत नाहीत, साहेब."

"का नाही लटकत?"

"पोचले."

आवाज फुटल्यापासूनचा हा त्याचा स्वतःच्या आवाजातला पहिला संवाद. आवाजवाल्या मावशींना हुंदका आला, वासरू निघून गेलं. त्याच संध्याकाळी 'विनापरवाना वाढ' या कारणाखाली पिल्लूला काढून टाकण्यात आलं.

खुर्ची खांद्यावर घेऊन तो घरी आला आणि पहिल्यांदाच वाकून आत शिरला. आईने बघितलं. तिने पेन्सिल शोधली. त्याला चौकटीला टेकवून उभं केलं. हात पुरेना. "जरा खाली वाक रे," असं ती म्हणू शकली असती. तिने स्टूल आणलं.

वाचकहो, कंपनीबद्दल तुमचं मत वाईट झालं असेल, आणि ते योग्यच आहे. फक्त एकदा हातातला फोन उघडा. पडद्यावर तुमच्या लेकराचा जो फोटो आहे, तो कधीचा? आणि लेकरू आज केवढं?

तूर्त तुम्हाला त्या नऊ हजार चारशे बारांत धरलं आहे. हरकत असल्यास लेखी कळवावी. सही मात्र मुलाची लागेल.