बिनआवाजाचं दार

गुरांच्या कोठ्याचं नवं दार आपण स्वतःच्या हातांनी बनवणार, असं भोजराज पटले यांनी जाहीर केलं तेव्हा घरातून विरोध झाला नाही. विरोध करायला घरात एकट्या शकुंतलाबाई होत्या, आणि त्यांचा आजवरचा अनुभव असा, की विरोध केला की भोजराज एका दाराऐवजी दोन करतात.

या कल्पनेचा उगम कुडव्यात होता. मुलगा ओमेश गोंदियात नोकरीला, शहरालगत कुडव्याला त्याचं नवंकोरं घर. दसऱ्याला भोजराज तिथे राहून आले आणि फ्रीज, टीव्ही, गॅस हे सगळं सोडून त्यांच्या मनात भरली ती दारं! सगळी आत उघडणारी, आणि आवाज म्हणून नाही. न्हाणीघराचं दारसुद्धा इतकं मुकाट मिटायचं, की आत कोणी आहे हे बाहेरच्याला कळतच नसे. त्यातून एकदा थोडा घोटाळाही झाला, पण तो विषय भोजराज काढत नसत.

आपल्या गावी, केशोरीला, परतल्यावर त्यांना आपलं जुनं कवाड सहन होईना. ते आजोबांच्या वेळचं. बिजागऱ्या नाहीतच, फळीची जाड खुंटी खालच्या दगडाच्या खळग्यात फिरायची आणि फिरताना अशी किंकाळी मारायची, की जणू म्हाताऱ्या हत्तीचा दात कोणी भूल न देता उपटतोय. पहाटे भोजराज म्हशीला सरकीची ढेप घालायला कवाड उघडत आणि अर्धी गल्ली उठून बसे. शिवाय ते उघडायचं बाहेर. पावसाळ्यात अंगणातला चिखल ओढत न्यायचं.

लाकूड कापायच्या आरामशिनीवरून सागाच्या फळ्या आल्या. रंधा, करवत, पटाशी आली. त्या काळात नवऱ्याच्या बोटांना पट्ट्या बांधणं हा शकुंतलाबाईंचा जोडधंदाच झाला. पण दार झालं! धान कापणीच्या ऐन तोंडावर ते चौकटीत बसलं, नारळ फुटला, आणि भोजराजांनी शेजाऱ्यांसमोर ते एका बोटाने ढकललं. लोण्यातून सुरी जावी तसं ते आत गेलं.

"पायलं? आवाज हाये का? आन् फट तरी दिसते का कुठी?"

शेजारचा चैनलाल नात्याने चुलतभाऊ आणि स्वभावाने परीक्षक. त्याने दार खालून वर पाहिलं.

"पन आत कायले उघडते जी हे?"

"शयरात समदेच आत उघडतेत!"

"शयरात म्हशी राहतेत का घरात?"

भोजराजांनी हा प्रश्न उत्तर देण्याच्या लायकीचा समजला नाही. उलट मोठ्या मनाने म्हणाले, "ते जुनं कवाड घेऊन जाय तू. बकऱ्यायले चालन. त्यायचे कान तसेबी मोठेच हायेत." चैनलालने राग मानला नाही. कवाड नेलं, खालचा दगडही नेला, आणि संध्याकाळच्या आत दोन्ही आपल्या बकऱ्यांच्या खोपटाला बसवूनही टाकलं.

कोठ्यात होती मैना. नाव पाखराचं, आकार ट्रॅक्टरचा. ती गाभण होती आणि दिवस भरले होते. मागच्या वेताला रेडकू अडलं होतं, डॉक्टरांना उशीर झाला आणि ते हाती लागलं नव्हतं. त्यानंतर मैना बरेच दिवस चाऱ्याचं कुटार तोंडात धरून नुसती उभी राहायची, आणि शकुंतलाबाईही ताटासमोर तशाच बसायच्या. म्हणून या खेपेला डॉक्टरांनी बजावलं होतं, "तिला बांधू नका, मोकळी ठेवा. आणि वेणा सुरू झाल्या की आधी मला फोन."

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुंतलाबाईंनी दार ढकललं. हललं नाही. खांदा लावला. हललं नाही. वरच्या झरोक्यापाशी पाटी पालथी घालून, तिच्यावर चढून त्यांनी आत पाहिलं आणि किंचाळल्या, "आइका जी! मैनाले वेना सुरू झाल्या! आन् ते दारालेच टेकून बसून राहिली!"

भोजराज धावत आले. धक्का दिला. दार पलीकडून तेवढ्याच ठामपणे परत आलं. मैनाने नव्या दाराला पाठ लावली होती. गुळगुळीत, गार, फट नसलेलं. एवढ्या प्रेमाने रंधा मारलेली फळी तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती!

"मैना! ऊठ वो बाई! ऊठ!"

मैनाने कान हलवला, तोही माशीसाठी.

फोन गेला. डॉक्टर मोटारसायकलवर आले. माणूस गोंदिया शहरचा, घाईत हिंदीवर येणारा.

"मरीज कहाँ है?"

"आत हाये जी."

"तो खोलो ना भाई!" त्यांनी स्वतः ढकलून पाहिलं, झरोक्यातून पाहिलं, आणि खाली उतरून गंभीर झाले. "पिल्लाचा एकच पाय दिसतोय. दुसरा अडकलाय. आत हात घालावा लागेल, आणि लवकर. ये दरवाज़ा किस बढ़ई ने बनाया? बुलाओ उसको!"

भोजराज आकाशाकडे पाहू लागले.

"हेच तं बढई हायेत जी," चैनलाल म्हणाला. तो कुऱ्हाड घेऊनच आला होता. पण शकुंतलाबाई दारापुढे आडव्या झाल्या. "फळीच्या मांगं तिची पाठ हाये! खबरदार!"

"तं मंग बिजागरीचे स्क्रू खोला," कुऱ्हाड खाली ठेवत चैनलाल म्हणाला.

"स्क्रू आतून हायेत," भोजराज क्षीण आवाजात म्हणाले. "चोराले खोलता येऊ नये म्हनून."

"वा! चोर तं खूश झाला असन, का मालकबी आपल्यावानीच भाईर हाये!"

उरलं छप्पर. भोजराज शिडी लावून कवेलूंवर, म्हणजे कौलांवर, चढले. योजना अशी, की कोपऱ्यातली कवेलू काढायची, आत उतरायचं आणि मैनाला उठवायचं. पहिलं कवेलू निघालं. दुसरं निघालं. तिसरं मात्र भोजराजांसकट आत गेलं! पूर्ण नाही, एक पाय मांडीपर्यंत आत, बाकीचे भोजराज बाहेर. आत गेलेला पाय वर येईना आणि खाली टेकेना. मैनाने छतातून उगवलेल्या पायाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"दिसते का जी काई?" खालून शकुंतलाबाईंचा रडवेला आवाज.

"दिसते!" भोजराज म्हणाले. पायाशेजारच्या भोकातून मैना स्वच्छ दिसत होती. ती मान टाकून धापा टाकत होती. भोजराजांनी डोळे मिटले. देवा, हे दार घे, माझे हात घे, पण या खेपेला तिचं लेकरू राहू दे.

इकडे सगळे तमाशात गुंतल्यामुळे चैनलालच्या बकऱ्या कोंडलेल्याच होत्या आणि ओरडून ओरडून जीव खात होत्या. शेवटी त्याची बायको रामबाई वैतागून गेली आणि तिने खोपटाचं कवाड ओढलं.

कर्रर्रर्र-कींऽऽऽ!

मैनाने मान उचलली. जन्मभर या आवाजामागून ढेपीची बादली आली होती. वेणा असोत नाहीतर भूकंप, ढेप म्हणजे ढेप! तिने पुढचे पाय रोवले, कण्हली, आणि उठून उभी राहिली.

"उठली!" छपरावरून भोजराज गरजले. "उठली वो! ढकला, ढकला!"

डॉक्टर दारावर तुटून पडले. पण तोवर कवाड पूर्ण उघडून गप्प झालं होतं. आवाज संपला, बादली दिसेना. मैना पुन्हा गुडघे टेकू लागली.

"बसली! रामबाई वहिनी, कवाड लावा! मंग उघडा! परत लावा!"

"माह्या बकऱ्या भाईर पडतेत नं जी!"

"पडू द्या! वाजवा कवाड!"

रामबाईने पदर खोचला आणि कवाड असं हलवायला घेतलं, जणू जत्रेतला पाळणा. कर्रर्र-कीं! कर्रर्र-कीं! बकऱ्या गल्लीभर झाल्या. कुत्री भुंकू लागली. वरून भोजराज एका पायावर हुकूम सोडत होते, "उठून राहिली... उभी झाली... अजून वाजवा... आता!" दार आत गेलं, डॉक्टर आत गेले, मागून शकुंतलाबाई गरम पाण्याची बादली घेऊन शिरल्या.

बाहेर सगळे दाराकडे डोळे लावून उभे राहिले. रामबाईचं कवाड तेवढं वाजत राहिलं, कारण तिला थांब म्हणायचं कोणालाच सुचलं नाही.

"आ गया पैर," आतून डॉक्टरांचा आवाज आला. "और... वगार है, बाई! मैना की बेटी! जिंदा है!"

शकुंतलाबाई हसत होत्या की रडत होत्या, हे छपरावरून कळत नव्हतं. भोजराजांनी रामबाईच्या खोपटाकडे तोंड करून दोन्ही हात जोडले. त्या भरात तोल गेला आणि आणखी एक कवेलू फुटलं. ते वर आहेत हे लोकांना त्यामुळे आठवलं.

चैनलालने त्यांना उतरवलं आणि न सांगता स्वतःच्या घरची कवेलू आणून ते भोकही बुजवलं. एका शब्दाने टोमणा मारला नाही. भोजराजांना तेच जास्त लागलं.

पहिल्या चिकाचं पातेलं ते स्वतः रामबाईकडे घेऊन गेले.

"वहिनी, तुमचे लय उपकार झाले."

"उपकार कायचे जी? कवाड तं तुमचंच हाये."

"हो नं. म्हनून म्हनतो, ते परत..."

"परत नाई भेटत! माह्या बकऱ्यायले आवडलं आता."

भोजराजांनी आपलं दार सोडवून बाहेर उघडेल असं फिरवून बसवलं. अडचण एकच राहिली. दार लोण्यासारखं उघडतं, मैना मात्र उठत नाही, आणि बसलेल्या म्हशीखाली बादली लावायची कला अजून कोणाला साधलेली नाही. म्हणून रोज पहाटे भोजराज बादली घेऊन अंगणात उभे राहतात आणि कुंपणावरून हाक देतात, "रामबाई वहिनी, उघडा जी!" पलीकडे कवाड किंकाळतं, मैना उठते, गल्ली उठते, आणि तांब्याभर दूध मुकाट्याने कुंपणापलीकडे जातं.

दिवाळीला ओमेश आला. त्याने कोठ्याचं दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं आणि थक्क झाला.

"बाबा, मस्तच! जरासाबी आवाज नाही याले!"

भोजराज खाकरले.

"हाये नं," वगारीच्या कपाळावरून हात फिरवत शकुंतलाबाई म्हणाल्या. "शेजारी ठेवला हाये."