गुळाची भिंत

आमचे शेजारी तात्या भिंत चाटून बघत. एकदा नव्हे, रोज. नव्या घराच्या रस्त्याकडच्या कोपऱ्याशी वाकून गिलाव्याला जीभ लावायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "डोळं फसवत्यात, जीभ न्हाय."

तात्या गुळवे. बारामतीच्या कालव्याकाठी कुणाचंही गुऱ्हाळ लागलं, की काहिलीतला पाक कधी उतरवायचा ते यांनीच सांगायचं. जिभेवर भरवसा एवढा, की पुतणीसाठी सोयरीक बघायला गेले तेव्हा मुलाआधी त्या घरच्या रांजणातलं पाणी चाखून आले.

सन बत्तीसच्या सुमारास त्यांनी घर बांधायला काढलं. पाया भरला आणि त्यांची कारभारीण तापानं गेली. तरी घर पुरं केलंच. इंदापूरकडच्या बाबू गवंड्यानं गिलावा केला. चुन्यात हिरड्याचं पाणी आणि गूळ, आमच्याकडची रीतच ती. पण दिवाळी सरते न सरते, तोच कोपऱ्याचा गिलावा कमरेच्या उंचीला खरवडल्यागत निघाला. आतले दगड दिसायला लागले.

"शेजारच्या बैलाचं काम हाय," बाबू म्हणाला. "भित्ताड चाटतोय त्यो."

"माझा बैल दावनीला असतोय," मी म्हणालो. "तुझाच चुना कच्चा."

साफ खोटं. पवळ्या पहाटे दावं हिसडून जायचा आणि परत यायचा तो नाकपुड्यांना चुना माखून. तो मी धोतराच्या सोग्यानं पुसत होतो.

"तात्या," बाबू रडकुंडीला आला, "ह्ये माझ्या नावावर पडलं, तर ह्या भागात कोन थापी हातात दील मला?"

"गुढीपाडव्याच्या आत निकाल लावनार," तात्या म्हणाले. "चोर घावलाच पायजे."

त्यांनी बाबूकडून गिलाव्याचे दोन गोळे करवले, एक गुळाचा, एक बिनगुळाचा. वाळल्यावर चार माणसांदेखत पवळ्यापुढं ठेवले. पवळ्यानं बिनगुळाचा नुसता हुंगला, गुळाचा मन लावून चाटला, आणि तो संपताच कुणी न हाकता सरळ भिंतीकडं निघाला. माणसं हसून लोळली.

"गणपा, येक चोर घावला," तात्या मला म्हणाले. मग बाबूकडं वळले. "आन् गूळ किती रं? चुना हाय का लाडू?"

"ढेपा कुनी दिल्या? 'हात आखडू नगंस' कोन म्हनलं?"

मंदीत गुळाला गिऱ्हाईक नव्हतं. पडून राहिलेल्या ढेपा तात्यांनीच चुन्यात लोटल्या होत्या. तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "व्हय. तिसरा चोर मी."

मग तिघा चोरांनी भिंत नीट केली. चुना मी मळला, थापी बाबूनं चालवली, आणि तात्यांनी प्रत्येक घमेलं चाखलं. शेवटचं घमेलं उरलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "कोपऱ्याला खाली गूळ घाल थोडा."

"आवो, पवळ्या परत चाटंल की!" बाबू म्हणाला.

"चाटू दे. कारभारीन गेल्यापास्नं दारात आपनहून येनारं तेवढंच येक हाय."

माझा हात चुन्यातच राहिला. "म्हंजी तुमाला पयल्यापास्नं ठावं व्हतं?"

"रोज बघतोय की. तू सांगशील म्हनून थांबलो व्हतो."

आमच्या दोन अंगणांत एक कुडाचं कुंपण. त्यांच्या कारभारणीच्या तेराव्यानंतर ते मी आपणहून ओलांडलं नव्हतं. बोलायचं काय, म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहाटे पवळ्याचं दावं मीच सोडलं, आणि त्याच्या मागोमाग गेलो.