एका ताटात

एड्सबद्दल आमच्या ब्रह्मपुरीच्या कॉलेजात माझ्याएवढं कोणालाच ठाऊक नाही, हे मी नम्रपणे सांगतो! घोषवाक्य स्पर्धेत पहिला नंबर माझाच: ‘एका ताटात खुशाल जेवा, एड्सचं भय दूर ठेवा!’ सुचलंही जेवतानाच. कोरपन्याला आमच्या घरी सगळे एकाच मोठ्या ताटात जेवतात. त्यामुळे वसतिगृहातही मी आणि माझा रूममेट सुनिल एकाच ताटात जेवायचो. तो मुलचेऱ्याकडच्या जंगलगावचा, भाताचा भारी शौकीन. माझ्या बाजूचा भातही तोच ओढायचा, एवढीच माझी तक्रार.

मग कॉलेजात रक्ततपासणीचं शिबिर झालं आणि काही दिवसांनी सरकारी दवाखान्यातून सुनिलला फोन आला, समुपदेशनाला ये म्हणून. समुपदेशन! ते कशाचं असतं हे माझ्यासारख्या जाणकाराला सांगायला हवं? मी फक्त शेजारच्या आरिफला सांगितलं, तेही कोणाला न सांगण्याच्या अटीवर. संध्याकाळपर्यंत सुनिलची बादली, साबण, खुर्ची कोणती हे सगळ्यांना पाठ झालं आणि कोणी त्यांना हात लावेना. कोणीतरी डासांची शंका काढली. डासाने एड्स होत नाही, हे मीच सगळ्यांना समजावलं आणि मच्छरदाणी लावून झोपलो.

सकाळी मी बाजारातून नवं ताट आणलं. सुनिल त्याच्याकडे बघतच राहिला.

“शहबाज, दवाखान्यात चलतं का संग? मले भेव लागून राह्यलं.”

मला नेमकं तेव्हाच प्रॅक्टिकल आठवलं. तो एकटा गेला.

दुपारी परत आला. निघालं काय, तर सिकलसेल, आईबापांकडून येणारा रक्ताचा दोष! तेही आजार नाही, नुसता वाहक. लग्न ठरवताना मुलीचीही तपासणी करून घे, एवढंच सांगायला बोलावलं होतं. पोरांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, एकाने तर त्याचा साबणही मागून नेला. मला हायसं वाटलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. संध्याकाळी मी आमचं जुनं ताट घेतलं, भात त्याच्या बाजूला सरकवला आणि हाक मारली.

सुनिलने नवं ताट उचललं आणि समोर जाऊन बसला.

“अबे, तुले तं काईच नाई झालं ना!”

“हो,” तो म्हणाला. “पन झालं असतं तं?”

त्याच्या डोक्यावर, भिंतीवर, माझं घोषवाक्य चौकटीत टांगलेलं होतं. आता भात सगळा माझाच होता. तो ताटात तसाच उरला.