शांताकाकूंसाठी हसण्याची व्यवस्था

हसण्यासाठी शेजारी दुसरा माणूस लागतो, हा समाजाचा फार जुना गैरसमज होता. करोनाने तो दूर केला. या कामगिरीबद्दल त्या साथीचं म्हणावं तसं कौतुक झालेलं नाही.

फुलपाड्यातल्या आमच्या सोसायटीचंच घ्या. पूर्वी वार्षिक सत्यनारायणाच्या संध्याकाळी, टँकर उभा राहतो त्या जागेवर स्टेज बांधून नाटक होई. लिहिणारे, बसवणारे आणि मुख्य काम करणारे एकच, तळमजल्यावरचे जगन्नाथकाका. लोक खुर्च्यांवरून भांडत, शेंगा सोलत आणि खो खो हसत. त्या हसण्यात पुढचं वाक्य बुडून जाई. नाटकाचं केवढं नुकसान होत होतं, विचार करा.

लॉकडाऊनमध्ये नाटक लिंकवर आलं. साथ गेली, लिंक राहिली. आता नाटक खाली होतं आणि वर पाहिलं जातं. आमच्या सांस्कृतिक उपसमितीच्या (मी चिटणीस आहे) पाहणीनुसार शंभरातले नव्वद सभासद ते घरी आडवं होऊन पाहतात, सात जण मध्येच दुसरी मालिका संपवून परत येतात आणि उरलेल्या तिघांना अजून पासवर्ड मिळालेला नाही. (सभासद खाली उतरतच नाहीत असं मात्र नाही. टँकरचा हॉर्न वाजला की अख्खी सोसायटी अनवाणी खाली असते.)

कॅमेरा सोसायटीतल्याच उमंगकडे असतो. मालिका बघून बघून त्याचा या विषयात अधिकार झाला आहे. "काका, पहिल्या पाच मिनिटांत मर्डर पायजे, नायतर पब्लिक स्किप करते," असं त्याने यंदा सुचवलं. त्यानुसार काकांच्या कौटुंबिक विनोदी नाटकात सुरुवातीलाच प्लंबरचा खून करण्यात आला. पुढे त्याचा कोणी विषय काढत नाही. (दुसऱ्या पर्वात बघू.)

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना काका बैठकीत उभे राहिले. त्यांच्या पत्नीची, शांताकाकूंची नजर काचबिंदूने गेली आहे. काका म्हणाले, "तिला मी दिसत नाही. लोक हसले की तिला कळतं, आज माझं काम कसं चाललंय. यंदाचं नाटक शेवटचं. एकदाच सगळे खाली या, तिच्या आजूबाजूला बसा आणि हसा. बाकी काही मागत नाही."

मागणी रास्त होती. त्यामुळे ती मान्य न करता तिच्यावर उपाय शोधण्यात आला. प्रत्यक्ष खाली येण्यात अडचणी होत्या (डास, खुर्च्यांचं भाडं, शेजाऱ्यांशी बोलावं लागण्याची शक्यता). पण हसू आलं की सभासद ग्रुपवर हसरा चेहरा टाकतातच. तो काकूंना मोठ्याने वाचून दाखवावा, असं एकमताने ठरलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या विनिताची या कामी नेमणूक झाली.

त्या संध्याकाळी काकू ठेवणीतली साडी नेसून, गजरा माळून पहिल्या रांगेत बसल्या. रांग तेवढी एकच होती. शेजारी मोबाईल घेऊन विनिता. काकांचा पहिला विनोद झाला. सगळीकडे शांत.

"काकू, बी विंग, चौथा मजला, तिघं हसले," विनिताने वाचलं. "ए विंगमध्ये एकाला हसून हसून पाणी आलं डोळ्यात."

"कोण गं तो?" काकूंनी विचारलं. त्यांचा चेहरा उजळला होता. उपसमितीच्या कार्याचं सार्थक झालं असं मला घरी बसल्या बसल्या वाटलं.

फक्त आमच्याकडचं नेट जरा रमतगमत चालतं. दुसऱ्या अंकात नायकाची आई जाते. काका तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, आणि नेमकं तेव्हा मागच्या प्रवेशातलं हसू येऊन पोचलं. विनिता प्रामाणिक मुलगी. तिने वाचलं, "बी विंग, सहा जण लोळून हसले."

काका थांबले. उठून स्टेजच्या कडेला आले आणि मान वर करून म्हणाले, "कोणी आहे का रे वर?"

आमच्या खिडक्या स्टेजच्या बरोबर वर आहेत. तरी हे दृश्य सगळ्यांनी पडद्यावरच पाहिलं (खिडकीतून क्लोजअप मिळत नाही). आई गेल्यावर नायक देवाला जाब विचारतोय, असा अर्थ लावण्यात आला. काम अप्रतिमच झालं होतं.

"काकू, सदतीस नमस्कार आलेत," विनिता म्हणाली.

"नमस्कार राहू देत, बाळा," काकू म्हणाल्या. "कुणाचं दार वाजलं का, तेवढं सांग. जिन्यात कोणी येतंय का?"

विनिताने जिन्याकडे पाहिलं आणि मोबाईल पालथा ठेवला. काका खाली उतरले, त्यांनी काकूंचा हात धरला आणि दोघं घरी गेली. रिकामं स्टेज आम्ही शेवटपर्यंत पाहिलं. नाटकाला पाचपैकी साडेचार तारे मिळाले. शेवट लांबला म्हणून अर्धा तारा कापण्यात आला.

मी पहिल्या मजल्यावर राहतो. काकूंचं ते वाक्य मला आधी खिडकीतून ऐकू आलं, मग थोड्या वेळाने मोबाईलवर. मी उठणारच होतो, पण उठलो असतो तर शेवट चुकला असता.

काकू हल्ली भेटेल त्याला विचारतात, त्या दिवशी नक्की किती जण हसले. तुम्हीही हे वाचताना मध्येच कुठेतरी हसला असाल. आवाज काही खाली आला नाही. विनिताला कळवून ठेवा, ती वाचून दाखवेल.