नागुबाईचा कडीचा डबा

लातूर जिल्हा झाला आणि आपला नवरा बिघडला, असं सरजाबाईंचं स्पष्ट मत होतं. पूर्वी व्यंकटराव लुंगीवर दळण आणायला जायचे. मग लातूर उस्मानाबादेतून वेगळं निघालं, गावात कलेक्टर आला, व्यंकटरावांची बदली त्या नव्या कचेरीत कारकून म्हणून झाली, आणि हा गृहस्थ दळणालासुद्धा पँट घालून जाऊ लागला. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आता आपुन जिल्हा झालो."

त्यांची मुलगी आम्रपाली हिला बघायला नागपूरचे खोब्रागडे यायचे होते. मुलगा रेल्वेत, आईबाप शिकलेले, आणि मुख्य म्हणजे मुलगा आम्रपालीला फोटोतच आवडला होता. तसं ती बोलली नव्हती, पण फोटो पाकिटातून दहादा आतबाहेर झालेला सरजाबाईंनी पाहिला होता. त्यांच्या जिवाला घोर वेगळाच होता. मागच्या खेपेला आलेल्या पाहुण्यांनी हात धुवायला तांब्याभर पाणी मागितलं, तेव्हा घरात कुठल्या भांड्यातलं द्यायचं यावर कुजबुज झाली. ती पाहुण्यांनी ऐकली आणि सोयरीक तिथंच बारगळली. दुष्काळच असा होता की नळ आठवड्यानं यायचा, आणि तोही यायचं म्हणून यायचा.

व्यंकटरावांना मात्र पाण्याची फिकीर नव्हती. मुंबईचे साहेब लोक आले की रेस्ट हाऊसवर त्यांच्या खोलीत आपल्याकडच्या पदार्थांची भेट ठेवतात, हे त्यांनी कचेरीत पाहिलं होतं. पाहुणे लॉजवर उतरले की तशीच भेट आपणही पोचवायची, शेंगदाण्याचे लाडू, धपाटे आणि कारळाची चटणी, असं त्यांनी ठरवून टाकलं.

"आन् भरायचं कशात?" सरजाबाईंनी विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. घरातली झाडून सगळी भांडी पाण्यानं भरलेली होती. हंडा, कळशी, पातेली, पिठाचा डबा, इतकंच काय, आम्रपालीला शाळेत बक्षीस मिळालेला चषकसुद्धा. एक डबा रिकामा करायचा तर त्यातलं पाणी ओतायचं कुठं? शेजारीपाजारी हीच गत. शेवटी सरजाबाई नागुबाईकडे गेल्या.

नागुबाई म्हणजे गल्लीतलं सगळ्यात वडीलधारं माणूस. जीव लावायची, पण हिशेबाला पक्की. नातवाच्या नामकरणात तिला कडीच्या झाकणाचे दोन स्टीलचे डबे आले होते, जुळ्या भावांसारखे. एकातलं पाणी संपलं होतं, दुसरा भरलेला होता. तिनं दोन्ही पुढं केले. एकात लाडू भर म्हणाली, आणि दुसऱ्यातलं पाणी पावण्यांना प्यायला ठेव.

"पर नळ आला की मला असाच काठोकाठ भरून दे, सरजे," ती म्हणाली. "मी बोट घालून बघत असते."

एका डब्यात लाडू-धपाटे गेले. एरवी सरजाबाईंनी तो मुंग्यांसाठी परातीत पाणी घालून ठेवला असता, पण यंदा मुंग्यांना अडवायला पाणी कुठलं, म्हणून तो शिंक्यात टांगला. पाण्याचा डबा पुसून लख्ख करून दाराजवळ ठेवला. मग मायलेकी कपबशा मागायला गल्लीत गेल्या.

पाहुणे संध्याकाळच्या गाडीनं यायचे होते. पण त्यांना नांदेडला आधीची गाडी मिळाली, ती वाटेत लोह्याला चहासाठी फारशी थांबली नाही, आणि भर दुपारी स्टँडवर सहज डोकावलेल्या व्यंकटरावांसमोर खोब्रागडे सहकुटुंब उभे राहिले. त्यांना लॉजवर बसवून व्यंकटराव सायकलनं घरी सुटले. घरात कुणी नाही. दाराजवळ चकचकीत डबा. त्यांनी कडीला धरून उचलला, तर चांगलाच जड. बायकोनं हात आखडता घेतला नाही, याचं त्यांना फार बरं वाटलं. काठोकाठ भरलेला असल्यामुळे तो डुचमळलाही नाही. नवा कोरा पंचा बांधून त्यांनी तो लॉजवर नेला आणि छोटंसं भाषण केलं.

"ही आमच्या लातूरची खासियत हाय. घरात दोन दिवस खपून केलीया. एक खाल्लं की दुसरं मागताल. शेंगदाणा कसा दाताखाली येतो, ते बघा फक्त."

खोब्रागड्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि बराच वजनदार आहे म्हणाले. व्यंकटराव धन्य होऊन घरी परतले. तोवर सरजाबाई आल्या होत्या आणि दाराजवळची रिकामी जागा बघत उभ्या होत्या. त्यांनी पाण्याचा डबा कुठंय विचारलं. व्यंकटरावांनी शिंक्याकडे पाहिलं. शिंक्यात डबा होता.

डब्यातलं पाणी आधीच गेलं होतं, आता व्यंकटरावांच्या तोंडचंही पळालं. लाडू म्हणून पाणी पाठवणाऱ्या घरातली मुलगी कोण करील? मागचे पाहुणे पाणी मिळालं नाही म्हणून गेले आणि हे मिळालं म्हणून जाणार, असं सरजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. आम्रपालीनं शिंक्यातला डबा काढला आणि बापाच्या हातात दिला.

व्यंकटराव पुन्हा सायकलवर. वाटेत त्यांनी तीन थापा तयार केल्या, त्यातली एकही त्यांना स्वतःला पटली नाही. लॉजच्या खोलीचं दार उघडंच होतं. पाण्याचा डबा टेबलावर, झाकण काढलेलं. खोब्रागडेबाई कॉटवर पडून होत्या आणि त्यांच्या कपाळावर तोच नवा पंचा ओला करून ठेवला होता. व्यंकटरावांनी लाडवांचा डबा पाठीमागे लपवला.

तेवढ्यात खोब्रागडे पुढे आले आणि त्यांनी व्यंकटरावांचा हात धरला. बाईंना गाडी लागली होती, घशाला कोरड पडली होती, आणि लॉजवाला म्हणत होता की पाणी उद्या सकाळी येईल. अशा वेळी तुम्ही पाणी पाठवलं, असं ते हात न सोडता म्हणाले.

खरं बोलायची वेळ होती ती हीच. पण माणूस जिल्ह्याच्या ठिकाणचा पडला.

"आम्हाला अंदाज होताच," व्यंकटराव म्हणाले. "म्हणलं आधी पाणी, मग गोड." आणि त्यांनी पाठीमागचा डबा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी घरी बैठक बसली. मुलगा आणि आम्रपाली बोलायला म्हणून मागच्या दारी गेले ते लवकर परतेचनात, तेव्हाच मोठ्यांना काय ते कळलं. सरजाबाईंचा चेहरा उजळला. व्यंकटराव तर सुटलेच होते. आपण किती लांबचा विचार करतो, पाहुण्याला काय लागेल ते कसं आधी ओळखतो, हे ते तिसऱ्यांदा सांगत होते, तेवढ्यात नागुबाई आली. दोन्ही डबे पाहुण्यांबरोबर परत आलेत, हे तिला कालच्या घोळासकट गल्लीतनंच कळलं होतं.

"डबा रिकामा कसा परत करायचा?" खोब्रागडे म्हणाले. "स्टँडसमोरच्या हॉटेलवाल्याला विनवण्या करून पाण्याचा तेवढा पाण्यानंच भरून आणला."

नागुबाईनं कडी काढली. झाकण उघडलं. आत बोटं बुडवली.

"चार बोटं कमी हाय," ती म्हणाली. "व्यंकट, लाडवाच्या जागी माझं पाणी लॉजवर नेलास ते नेलास. भरून घेताना तरी बघायचं व्हतंस."

व्यंकटरावांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सरजाबाईंनी डोळे मिटून घेतले. आम्रपाली दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि हसला तो तिच्याशेजारी उभा असलेला मुलगा.

"पाहुणे," खोब्रागडे शांतपणे म्हणाले, "आम्ही तिघं काल शोधून राहिलो होतो. शेंगदाणा काही दाताखाली आला नाही."

"म्हंजे तुम्हाला ठावं व्हतं?" व्यंकटरावांनी विचारलं.

"झाकण उघडलं तेव्हाच. पण मग तुम्ही लाडू घेऊन धापा टाकत आलात. म्हटलं, चुकला तरी निस्तरायला धावत येणारा माणूस आहे. थाप तेवढी जिल्ह्याच्या मानानं लहान होती."

खोब्रागडेबाई उठून सरजाबाईंजवळ येऊन बसल्या. "ते पाणी चुकून आलं का मुद्दाम, हे तहानेला कुठं कळतं?" त्या म्हणाल्या. "माझा जीव निवला. पाण्याचं मोल काय, ते आपल्या लोकांना कुणी सांगायला नको. मुलगी आम्हाला पसंत आहे." सरजाबाईंना रडूच फुटलं, आणि या वेळी त्यांनी पदर लावला नाही.

आता राहिली तारीख. आपण बौद्ध, आपल्यात मुहूर्त बघत नाहीत, तुम्हाला सोयीचा कुठलाही दिवस धरा, असं खोब्रागडे म्हणाले. इतका वेळ भिंतीला टेकून बसलेले व्यंकटराव एवढ्यावर ताठ झाले. लग्न असं करू, की सबंध जिल्ह्यानं नाव काढावं, आता काय आपुन जिल्हा झालो, वगैरे सुरू झालं.

नागुबाई डब्याची कडी लावत होती.

"आधी नळाचा दिवस कंचा ते बघ," ती म्हणाली. "जिल्हा तुमचा झाला आसंल, नळ आजून तालुक्याचाच हाय."

मग मुहूर्त न मानणाऱ्या त्या दोन्ही घरांनी बोटं मोजून नळाचा दिवस काढला आणि त्या दिवशीचं लग्न धरलं. नागुबाईची चार बोटं त्याच दिवशी भरून द्यायचीही ठरली.